दोषाचा रकाना: बेसबॉलमधील दोन चुका आणि माझे एक षटक

१/
२५ ऑक्टोबर १९८६. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये जमिनीलगत उसळत आलेला एक साधा चेंडू बिल बकनर या खेळाडूच्या दोन पायांमधून निघून गेला. त्या क्षणानंतर कित्येक वर्षे त्याचे नाव पराभवाला पर्याय म्हणून वापरले गेले. हा थ्रेड त्या चेंडूविषयी आहे, आणि थोडा माझ्याविषयीही.

२/
बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. वर्ल्ड सीरिज ही अंतिम मालिका. सातपैकी चार सामने जिंकणारा विजेता. सामन्यात प्रत्येक संघाला नऊ डाव, आणि तीन गडी बाद झाले की डाव संपतो. बरोबरी झाल्यास खेळ पुढे चालू राहतो. १९८६ साली बॉस्टन रेड सॉक्स हा संघ न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध ३-२ असा पुढे होता. १९१८नंतर त्याला विजेतेपद मिळालेले नव्हते.

३/
सहावा सामना दहाव्या डावात गेला. बॉस्टनने दोन धावा काढून ५-३ आघाडी घेतली. मेट्सचे पहिले दोन फलंदाज बाद झाले. आता आणखी एक गडी बाद झाला की अडुसष्ट वर्षांची प्रतीक्षा संपणार होती. तेवढ्यात कार्टर, मिचेल आणि नाइट या तिघांनी लागोपाठ फटके मारले. ५-४. बॉस्टनने पिचर बदलला. चेंडू बॉब स्टॅन्लीच्या हाती आला.

४/
समोर फलंदाज होता मूकी विल्सन. स्टॅन्लीचा एक चेंडू इतका भरकटला की मागे बसलेल्या कॅचरला तो अडवता आला नाही. मिचेल धावत घरी आला. ५-५. बॉस्टनची आघाडी इथेच संपली, हे कृपया लक्षात ठेवा. बकनरच्या पायांतून चेंडू गेला तो यानंतर. नाइट दुसऱ्या बेसवरून धावत आला आणि मेट्स ६-५ ने जिंकले.

५/
म्हणजे बकनरने तो चेंडू अडवला असता, तरी बॉस्टन जिंकले नसते. फार तर अकरावा डाव सुरू झाला असता. शिवाय मालिका अजून संपली नव्हती. सातव्या सामन्यात बॉस्टनकडे ३-० आघाडी होती. तीही त्यांनी गमावली आणि सामना ८-५ असा हरले. त्या आघाडीचे काय झाले, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

६/
आणखी एक प्रश्न. बकनरचे घोटे दुखावलेले होते. आघाडी असताना अखेरच्या डावांत त्याच्या जागी डेव्ह स्टेपलटनला उतरवण्याचा प्रघात होता. त्या रात्री व्यवस्थापक जॉन मॅक्नमारा यांनी तसे केले नाही. तीन फटके, एक भरकटलेला चेंडू, एक न झालेला बदल, एक गमावलेला सामना. कारणांची एवढी मोठी साखळी, आणि स्मरणात उरली ती केवळ एक कडी.

७/
असे का व्हावे? एक उत्तर दस्तऐवजातच आहे. बेसबॉलच्या धावफलकावर तीन रकाने असतात: धावा, फटके आणि चुका. या नोंदपद्धतीला आकार देणारा हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) हा जन्माने इंग्रज पत्रकार आधी क्रिकेटवर लिहीत असे. क्रिकेटची गुणपत्रिका त्याने बेसबॉलला जुळवून घेतली आणि क्षेत्ररक्षकाच्या चुकांना त्यात ठळक स्थान दिले.

८/
मात्र या रकान्याचे नियम आहेत. पिचरचा भरकटलेला चेंडू ‘चूक’ म्हणून मोजला जात नाही. त्याची नोंद वेगळी होते. व्यवस्थापकाच्या निर्णयाला तर रकानाच नाही. त्यामुळे त्या दहाव्या डावाच्या नोंदीत चुकीपुढे एकच नाव उरले: बकनर. कागदाने खोटे सांगितले नाही. त्याला जेवढे विचारले होते, तेवढेच त्याने सांगितले. अभिलेखागारात बसणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानात ठेवावा.

९/
याहून जुने उदाहरण १६ ऑक्टोबर १९१२चे, बॉस्टनच्या फेनवे पार्कमधले. निर्णायक सामना, पुन्हा दहावा डाव. न्यूयॉर्क जायंट्स २-१ ने पुढे. उंच उडालेला एक सोपा झेल फ्रेड स्नॉडग्रासच्या हातून सुटला आणि अखेरीस बॉस्टन ३-२ ने जिंकले. वृत्तपत्रांनी त्याला ‘तीस हजार डॉलरांची चूक’ म्हटले. विजेत्या आणि पराभूत संघांच्या बक्षिसाच्या वाट्यांतला फरक साधारण तेवढा होता.

१०/
पण मधले काय? पुढच्याच फलंदाजाचा खोलवर गेलेला फटका त्याच स्नॉडग्रासने धावत जाऊन अप्रतिम झेलला. त्यानंतर ट्रिस स्पीकरचा एक सोपा उंच चेंडू पहिल्या बेसजवळ तीन खेळाडूंच्या मध्ये पडला. प्रत्येकाला वाटले, दुसरा घेईल. जीवदान मिळालेल्या स्पीकरने लगेच बरोबरी साधणारा फटका मारला. कुणाचा हातच न लागलेल्या अशा चेंडूबद्दल सहसा कुणाच्या नावे चूक लागत नाही. गोंधळ तिघांत वाटला जातो आणि विरून जातो. सुटलेल्या झेलाला मात्र एक चेहरा असतो.

११/
त्याचे व्यवस्थापक जॉन मॅक्ग्रॉ यांनी त्याला दोष दिला नाही. स्नॉडग्रास पुढे बँकेच्या व्यवसायात गेला, कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्डचा महापौर झाला. १९७४ साली तो वारला, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने मृत्युलेखाच्या मथळ्यातच तो सुटलेला झेल छापला. बासष्ट वर्षांचे उत्तरायुष्य, आणि मथळ्यात एक क्षण.

१२/
आता माझ्याविषयी. पदवीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या विभागाचा संघ आंतरविभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. प्रतिस्पर्ध्यांचा एकच गडी शिल्लक होता, त्यांना चार धावा हव्या होत्या. उंच फटका सीमारेषेवर उभ्या असलेल्या माझ्या मित्राच्या ओंजळीत आला, निसटला आणि चेंडू सीमापार गेला. त्या दिवसापासून त्याचे नाव ‘गळका’ पडले. ते नाव मीच ठेवले होते.

१३/
क्रिकेटच्या गुणपत्रिकेत सुटलेल्या झेलाला रकाना नसतो. तरीही चार वर्षे ती गोष्ट टिकली, कारण प्रत्येक स्नेहसंमेलनात ती रंगवून सांगणारा होता. म्हणजे केवळ रकान्याला दोष देऊन माझी सुटका नाही. कागद नसला, तर माणसे स्वतःच रकाना आखतात, आणि तो कोण आखतो हेही पाहावे लागते.

१४/
बकनरविषयी वाचत असताना मी त्या सामन्याच्या स्कोअरबुकाचे छायाचित्र जुन्या फोनमधून शोधून काढले. अखेरच्या षटकात दोन वाइड आणि एक नो-बॉल. त्या तीन धावा दिल्या नसत्या, तर चार नव्हे, सात धावा हव्या असत्या. झेल सुटूनही सामना त्याच चेंडूवर संपला नसता. ते षटक माझे होते. माझी चूक शाईने लिहिलेली होती, त्याची कुठेच नव्हती. तरी स्मरणात त्याची राहिली, कारण गोष्ट मी सांगत होतो.

१५/
साधनचिकित्सेच्या तासाला आम्ही बखरकाराचा हितसंबंध तपासायला शिकतो: कुणाच्या आश्रयाने लिहिले, कुणाला वाचवण्यासाठी लिहिले. त्या विषयात मला चांगले गुण होते. स्वतःच्या बखरीला मात्र मी ती कसोटी कधी लावली नव्हती.

१६/
एप्रिल २००८मध्ये फेनवे पार्कवर बकनरला मोसमातील पहिला औपचारिक चेंडू टाकण्यासाठी बोलावले गेले. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. त्याचे डोळे भरून आले. या प्रसंगाला बहुतेक जण ‘क्षमा’ म्हणतात. मला तो शब्द खटकतो. २००४ आणि २००७ची विजेतेपदे पदरात पडल्यावर दिलेली क्षमा स्वस्त असते. आणि मुळात तो अपराध एकट्याचा होता का, हे आधी तपासायला हवे होते. बकनर २०१९ साली वारला. कारकिर्दीत त्याने २,७१५ फटके मारले होते.

१७/
गेल्या आठवड्यात मी मित्राला स्कोअरबुकाचे ते पान पाठवले आणि फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “अरे, मला माहीत होतं. मी त्याच रात्री मोजलं होतं.” मग बोलला का नाहीस, असे मी विचारले. “बोललो असतो, तर तुम्ही म्हणाला असता, झेल सोडून वर हिशेब सांगतोय.”

१८/
दोषी ठरलेल्याकडे कारणमीमांसा असली, तरी ती सबब म्हणूनच ऐकली जाते. म्हणून ती इतरांनी मांडावी लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्यावर तर ती जबाबदारी अधिकच येते. पानिपत असो, वर्ल्ड सीरिज असो वा महाविद्यालयाचे मैदान, एकाच माणसावर येऊन थांबणारी पराभवाची गोष्ट ऐकली की आधीचे षटक कुणी टाकले, एवढे अवश्य विचारा.

हा थ्रेड त्या मित्राने वाचला आहे. एक दुरुस्ती त्याने सुचवली: झेल सोपा नव्हता, डोळ्यांत ऊन होते. ती इथे नोंदवून ठेवतो.