चेन्नई : साहुकारपेठेच्या पलीकडे

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस आम्हा उभयतांना चेन्नईस जाण्याचा योग आला. प्रवास व्यापाराचा नव्हता आणि तीर्थयात्रेचाही नव्हता. आमची धाकटी कन्या तीन वर्षांपासून तेथे नोकरीस आहे. मैलापूर भागात राहणाऱ्या एका तमिळ जैन कुटुंबातील मुलाशी विवाह करण्याची इच्छा तिने कळविली होती. होकार अथवा नकार देण्यापूर्वी ते शहर आणि ती माणसे डोळ्यांनी पाहावीत, असे आम्ही ठरविले. 'जैन' या शब्दाने मनाला धीर येत होता. 'तमिळ' या शब्दापाशी मन अडखळत होते. मुलगी तेथे कोणाशी मोकळेपणाने बोलणार, काय खाणार, आजारी पडली तर शेजारणीला काय सांगणार, असे सौभाग्यवतीचे प्रश्न होते. माझ्यापाशी त्यांची उत्तरे नव्हती.

सोलापूरहून रात्री निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी चेन्नई सेंट्रल स्थानकात पोहोचली. आमचा चादरी-टॉवेलांचा व्यवसाय असल्याने साहुकारपेठेतील एका मारवाडी श्वेतांबर बंधूंशी जुना घरोबा आहे. प्रथम त्यांच्याकडेच उतरलो. तमिळमधील 'पेट्टै' म्हणजे आपली पेठच. सावकारांची ती साहुकारपेठ. कंपनी सरकारच्या टांकसाळीवरून ओळखला जाणारा मिंट स्ट्रीट हा तिचा मुख्य रस्ता. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना कापड, भांडी आणि चांदीची दुकाने, वर माड्यांवर बिऱ्हाडे, आणि मधूनच एखाद्या जिनालयाचे संगमरवरी प्रवेशद्वार. सकाळी चंद्रप्रभू भगवंतांचे दर्शन घेऊन बाहेर पडलो, तेव्हा कानांवर मारवाडी, गुजराती आणि हिंदी पडत होती. कचोरी आणि जिलेबी तळली जात होती. चकलीसारख्या मुरुक्कूच्या दोन चकत्यांत काकडी-टोमॅटो भरून केलेले सँडविच हा या पेठेतच जन्मलेला पदार्थ. उत्तरेची जीभ आणि दक्षिणेची चकली यांनी आपसांत केलेली ती तडजोड आहे.

हे शहर मुळात कापडामुळे वाढले, ही गोष्ट आम्हा सोलापूरकरांना विशेष जवळची वाटावी. 1639 साली ईस्ट इंडिया कंपनीने येथील किनाऱ्यावर जमीन मिळविली, ती मुख्यतः या प्रदेशातील सुती कापडाच्या व्यापारासाठी. पुढे 1734 मध्ये विणकरांसाठी चिंताद्रीपेट ही वस्ती वसविण्यात आली. 'चिन्न तरी पेट्टै', म्हणजे लहान मागांची पेठ, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. मागाच्या खटखटीवर वाढलेल्या गावचा माणूस अशा शहरात अगदीच परका कसा ठरेल, असा विचार मनात आला.

परंतु परकेपणा इतक्या सहजासहजी जात नाही, हे आमच्या यजमानांनीच सांगितले. राजस्थानातून येऊन येथे गहाणवटीचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या लोकांना तमिळ माणूस 'सेट्टु' म्हणतो. शब्द आपल्या 'शेठ'चाच. पण त्यात आदराबरोबर थोडे अंतरही असते. यजमान हसत म्हणाले, "आजोबा हिशेबापुरते तमिळ बोलत. वडील भांडणापुरते शिकले. माझी मुले शाळेत तमिळमध्ये निबंध लिहितात. तरी दारात गिऱ्हाईक आले की हाक एकच, सेट्टु!" त्यांच्या हसण्यात खंत होती. आपल्या समाजाने या शहराला काही दिले नाही, असे मुळीच नाही. मीनमबक्कमचे 1952 साली स्थापन झालेले अगरचंद मानमल जैन महाविद्यालय याची साक्ष आहे. पण दान देऊन माणूस पूज्य होतो; आपला होण्यासाठी आणखी काही लागते. ते काय, याचे उत्तर मैलापुरात मिळाले.

मैलापूर हा शहराचा फार जुना भाग. कपालीश्वराचे उंच गोपुर, पुढे मोठे तळे, सभोवती माडा वीथींवर मोगरा-अबोलीचे गजरे विकणाऱ्या स्त्रिया. तमिळ मार्गळी महिना चालू होता. या महिन्यात शहरातील सभागृहांतून सकाळपासून रात्रीपर्यंत कर्नाटक संगीताच्या मैफली चालतात आणि पहाटे दारोदारी मोठमोठे कोलम रेखले जातात. कोलम तांदळाच्या पिठाने काढावे, म्हणजे मुंग्यांना आणि पाखरांना घास मिळतो, अशी जुनी समजूत. आता पुष्कळ घरी दगडाची पूड वापरतात. आमच्या होऊ घातलेल्या विहिणींच्या दारात मात्र तांदळाचे पीठ होते आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. सौभाग्यवती ती रांग न ओलांडता बाजूने आत गेली. ते पाहून विहीणबाईंच्या चेहऱ्यावर जे स्मित उमटले, त्याला भाषांतराची गरज नव्हती.

घरात मुलाच्या आजी होत्या. त्यांना तमिळखेरीज दुसरी भाषा येत नाही. त्यांचा पहिला प्रश्न "साप्टींगळा?" म्हणजे "जेवलात का?" या शहरात कोणीही कोणाला भेटले की हेच विचारते, असे कन्येने सांगितले. दुपारी केळीच्या पानावर भोजन झाले. प्रथम सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी ताक-भात, असा तेथील क्रम. सांबारात लहान कांदे आणि भाज्यांत अरबी-सुरणासारखे कंद तमिळ स्वयंपाकात पुष्कळ असतात, म्हणून आम्ही मनातून सावध होतो. या घरात त्यांतले काहीच नव्हते. केळफुलाची परतलेली भाजी, केळीच्या कालाचे मुगाची डाळ घातलेले कूटु, कोहळ्याचे ताकातले कुळंबु आणि हिंगाचा खमंग वास. कांदा-लसूण आणि कंदमुळे वगळूनही तमिळ पाकशास्त्र किती समृद्ध उरते, हे त्या दिवशी कळले.

सायंकाळी बैठक रंगली असता आजी दोनदा खिडकीपाशी जाऊन आल्या. मी घड्याळ पाहिले. आमच्या सोलापूरच्या सवयीने अजून अवकाश होता. पण चेन्नई पूर्वेला आहे, तेथे सूर्य आपल्या आधी मावळतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आजींच्या आले होते. पाहुण्यांचा रात्रिभोजनत्यागाचा नियम मोडू नये, म्हणून त्यांनी इडल्या आणि पितळी डबऱ्या-पेल्यांत कॉफी आमच्यापुढे आणून ठेवली आणि स्वतःही आमच्याबरोबर दोन घास घेतले. नंतर दिवा लावून त्यांनी णमोकार महामंत्र म्हणण्यास प्रारंभ केला. सौभाग्यवतीने त्यांच्या स्वरात स्वर मिसळला. उच्चारांत किंचित फरक होता, अक्षरे तीच होती.

या लोकांना तेथे नैनार म्हणतात. संख्येने ते थोडे, बहुतांशी शेतकरी, पंथाने दिगंबर आणि मातृभाषेने पूर्ण तमिळ. ते कोठून आले, असे कोणी त्यांना विचारीत नाही. कारण ते तेथलेच आहेत. मैलापुरात पूर्वी समुद्राकाठी भगवान नेमिनाथांचे मंदिर होते, समुद्र पुढे सरकू लागल्यावर तेथील मूर्ती मेल सित्तामूर येथे नेण्यात आली, अशी त्यांची परंपरा सांगते. मेल सित्तामूर येथे आज त्यांच्या भट्टारकांचा मठ आहे. तमिळमधील 'जीवक चिंतामणि' हे महाकाव्य तिरुत्तक्कदेवर या जैन मुनींचे. तेराव्या शतकातील 'नन्नूल' हा व्याकरणग्रंथ पवणंदी या जैन मुनींचा. याच चिंतामणीच्या ताडपत्री प्रती जमवून उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी 1887 साली तो ग्रंथ छापून काढला. ते स्वतः शैव ब्राह्मण. पण ग्रंथातील जैन संज्ञांचा उलगडा व्हावा म्हणून कुंभकोणमच्या जैन घरांत जाऊन ते शिकले. चेन्नईच्या बेझंट नगरात त्यांच्या नावाचे ग्रंथालय आजही आहे.

हे सर्व मुलाचे वडील सांगत होते आणि मी मनात साहुकारपेठेतील यजमानांची खंत आठवीत होतो. पूर्वीच्या जैनांनी या भाषेला काव्य दिले आणि व्याकरण दिले. ज्या समाजाने एखाद्या भाषेचे व्याकरण लिहिले, त्याला त्या भाषेच्या घरात पाहुणा कोण म्हणेल? आपण व्यापारी ज्या गावी जातो, तेथील नाणे लवकर ओळखतो. तेथील शब्द ओळखायला मात्र तीन पिढ्या घालवितो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व मिळून मुलाच्या मूळ गावाकडे, वंदवासी परिसरात गेलो. चेन्नईहून मोटारीने सुमारे तीन तासांची वाट. भातशेतांच्या मधोमध पोन्नूरमलै ही टेकडी उभी आहे. आचार्य कुंदकुंदांची ती तपोभूमी. टेकडीवर त्यांच्या चरणपादुका आहेत. 'तिरुक्कुरळ' हा ग्रंथही त्यांचाच, अशी तमिळ जैनांची श्रद्धा आहे. विद्वानांची मते भिन्न आहेत. माझ्या वडिलांनी आयुष्यभर रोज पहाटे समयसाराचे वाचन केले. ते वाचताना या टेकडीखालच्या खेड्यांत लोक कोणती भाषा बोलत असतील, हा विचार त्यांना कधी शिवला नसेल. मलाही शिवला नव्हता. चरणांपाशी माथा टेकताना, 'मुलीला परक्यांत देतो आहोत' हे वाक्य मला पुढे उच्चारवेना.

उतरताना सौभाग्यवती म्हणाली, "अहो, माणसे चांगली आहेत. पण मी तिच्याशी मराठीत बोलले, तर तिच्या मुलांना ते कळेल का?" प्रश्न खरा होता आणि टेकडीवरही त्याचे उत्तर नव्हते. कन्येने एवढेच सांगितले, की तंजावरच्या भोसल्यांच्या काळात दक्षिणेत आलेल्या मराठी कुटुंबांतील एक आजी तिच्या कार्यालयाजवळ राहतात आणि घरात अजून आपली जुन्या वळणाची मराठी बोलतात. भाषा टिकते, पण तिच्यासाठी रोज कोणीतरी बोलावे लागते. सौभाग्यवतीने त्याच दिवशी रोज सायंकाळी मुलीला फोन करण्याचा नियम घेतला. मी तमिळ बाराखडीचे पुस्तक घेतले. बासष्टाव्या वर्षी 'ळ' आणि 'ऴ' यांतला फरक जिभेवर आणताना हसू होते, पण मी सोडलेले नाही.

विवाह वैशाखात योजला आहे. परवा निमंत्रणपत्रिकेचा मसुदा मैलापूरहून आला. आरंभी णमोकार महामंत्र, खाली एका बाजूस तमिळ मजकूर आणि दुसऱ्या बाजूस मराठीसाठी कोरी जागा. सोबत मुलाच्या वडिलांची चिठ्ठी होती : "आपला मजकूर आपणच लिहावा." समारंभाची वेळ त्यांनी आधीच छापून पाठविली आहे. भोजन सूर्यास्तापूर्वी, चेन्नईच्या सूर्यास्तापूर्वी.