निळा रंग

राजकीय चित्र म्हटलं की लोक आधी सीमारेषा शोधतात. मी नकाशे रंगवतो म्हटलं की पहिला प्रश्न काश्मीरचा, विचारणारा मराठी असेल तर दुसरा बेळगावचा. रेषेत राजकारण असतंच. झरीना हाश्मींच्या २००१ सालच्या ‘डिव्हायडिंग लाइन’मध्ये भारत-पाकिस्तानच्या सीमेशिवाय काही नाही. ते काष्ठमुद्राचित्र आहे. लाकडी ठशात शाई लागते ती उंचवट्याला, कोरलेलं पांढरं राहतं. तेवढी एक काळी रेषा उठवायला दोन्हीकडचा मुलूख खरवडून काढावा लागतो. यापुढे भाष्य काय करणार?

माझं भांडण मात्र रंगाशी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर समोच्चरेषा तपकिरी, जंगल हिरवं, शेती पिवळी, वस्ती तांबडी, पाणी निळं. या निळ्यावर कुणी संशय घेत नाही. मुळशी धरणाचा भाग उलगडून बघा. डोंगरांवरून समोच्चरेषा उतरत येतात आणि निळ्याच्या कडेला तुटतात, जणू त्याखाली जमीन नव्हतीच. होती. आंबेमोहराची खाचरं होती. ती टाटांच्या वीजप्रकल्पासाठी बुडू नयेत म्हणून १९२१ साली मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच.

मी निळा भरत नाही, तुटलेल्या रेषा आत ओढतो. काठावर रेषा दाट असतील तर आत कडा, विरळ असतील तर खाचरं, एवढाच आधार. निब बारीकच लागते. बोरूची रेषा जाड येते आणि सगळा डोंगर सुजल्यासारखा दिसतो. शाई पक्की वाळली की पिवळ्याचा पातळ हात. कागद आधी भिजवून फळीवर ताणलेला नसेल तर तो इथे फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. गावं तांबड्या ठिपक्यांनी दाखवतो. नावं घालत नाही. घातली की लोक बघायचं सोडून वाचत बसतात. (देशाची बाह्यसीमा वेगळी छापली तर १९६१ चा कायदा आहे. बुडालेलं खोरं कसंही काढा, कुणी विचारत नाही.)

‘हे स्मरणरंजन झालं,’ असं एका समीक्षक मित्राचं मत पडलं. नुसतं खोरं काढलं असतं तर त्याचं खरं होतं. पण मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं आणि तिथली वीज मुंबईला. ती तार मी रस्त्यापेक्षा जाड काढतो, त्यामुळे चित्र डावीकडे समुद्रापर्यंत लांबतं आणि दोन कागद जोडावे लागतात. गॅलरीवाल्यांना उजवा, खोऱ्याचा तुकडा सुटा हवा असतो. दिवाणखान्यात तो छान दिसतो म्हणे. म्हणून जोड घाटमाथ्यावर घेत नाही, खोऱ्याच्या मधोमध घेतो.