टक्क्याटक्क्यानं

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला टक्क्यांचं काही वाटत नाही, असा लोकांचा समज आहे. साडेसहा टक्के, सव्वासात टक्के, ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा, हे मी झोपेतसुद्धा बरळतो अशी आमच्या हिची तक्रार आहे. पण हे सगळे टक्के कागदावरचे. एखादा टक्का प्रत्यक्ष वर चढताना पाहण्याचा योग गेल्या वर्षीपर्यंत आला नव्हता. तो आमच्या घरी टॅब्लेटनं आणला.

ही टॅब्लेट म्हणजे गोळी नव्हे. नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नेमका तोच घोटाळा झाला होता. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. डॉक्टर म्हणाले, "आता चष्म्यानं भागायचं नाही. टॅब्लेट घ्या." नानांनी विचारलं, "जेवणाआधी की जेवणानंतर?"

असो. टॅब्लेट आला आणि ८३व्या वर्षी नानांचं वर्तमानपत्र त्यांना परत मिळालं. अक्षर बटाटेवड्याएवढं करायचं, उजेड पूर्ण सोडायचा, आणि पडद्यावर मावतील तेवढ्या चार ओळी वाचून बोटानं पुढं सरकवायचं. सकाळी सहाला अग्रलेखापासून सुरुवात करून ते साडेबारापर्यंत नगरपालिकेच्या निविदा सूचनांपाशी पोचत. तिथं टॅब्लेट मान टाकी. मग चार्जिंग. ते संपायला रात्रीचे साडेनऊ वाजत. तोवर नाना खाटेवर मांडीवर हात ठेवून बसून राहत. मुळात न वाचणारा माणूस कितीही वेळ बसला तरी कुणाला कळत नाही. पण वाचणारा माणूस न वाचता बसला की स्वयंपाकघरातसुद्धा चुकल्यासारखं होतं. दर अर्ध्या तासानं नाना विचारत, "किती झाले?" "एकतीस." "मघाशी?" "अठ्ठावीस."

यावर सल्ला द्यायला डोंबिवलीत माणसांचा तुटवडा नाही. समोरचे विम्यातले गृहस्थ म्हणाले, फ्रिजमध्ये ठेवा, थंड राहिला की झरझर भरतो. (असलं काही करू नका. आत दंव धरलं तर टॅब्लेट कायमचा थंड होतो.) मेव्हण्यानं फोनवरून 'तिप्पट वेगानं चार्जिंग' करणारं एक फुकटचं अ‍ॅप सुचवलं. ते घालताच पडद्यावर गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती नाचू लागल्या आणि तीन टक्के त्यांनीच खाल्ले. चिरंजीवांनी टॅब्लेट आपल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडून पाहिला. तिथून अर्धा अँपियर येतो. नाना वाचत असताना पडद्यालाच त्याहून जास्त लागतं, त्यामुळं चार्जिंग चालू आणि आकडा उतरता, असा प्रकार झाला. बँकेत याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात.

एक सल्ला मात्र खरा निघाला. हिनं नानांचा टॅब्लेट पडू नये म्हणून जुन्या दुलईचं छान जाड कव्हर शिवलं होतं. बॅटरी तापली की टॅब्लेट आपण होऊन वीज कमी घेतो. कव्हर काढलं, चार्जिंग चालू असताना एरोप्लेन मोड घातला, तासभर वाचला. हिला वाईट वाटलं, पण कव्हर आता चहाच्या किटलीला अगदी बरोबर बसतं.

मग मी कॉमर्सचा पदवीधर या नात्यानं हिशोब मांडला. व्होल्ट गुणिले अँपियर बरोबर वॉट. म्हणजे मुद्दल गुणिले दर. नवीन काही नाही. टॅब्लेटच्या बॅटरीत साधारण ३१ वॉट-तास मावतात. आमचा चार्जर होता जुन्या मोबाइलचा, ५ व्होल्ट १ अँपियर, म्हणजे ५ वॉट. ३१ भागिले ५ म्हणजे कागदावरच सव्वासहा तास. वाटेतली गळती वेगळी. टॅब्लेटच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, १८ वॉट चालतील. तेव्हा ९ व्होल्ट २ अँपियरचा चार्जर आणला, अकराशे रुपये मोजून, बिलासकट. साडेबाराला लावला. संध्याकाळी सात वाजता नव्वद टक्के! अकराशे रुपयांची ठेव, आणि व्याज जवळजवळ शून्य.

घरात बैठक भरली. नाना खाटेवरच होते. त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, कारण मतं द्यायला डोळस माणसं भरपूर होती. नानांनीच विचारलं, "ह्या चार्जरला कसं कळतं, की समोरचा नऊ व्होल्ट घेणारा आहे? पाचाच्या यंत्राला नऊ दिले तर जळेल ना ते?"

चिरंजीवांनी मोबाइलवर शोधून सांगितलं, "आजोबा, आधी ते दोघं एकमेकांशी बोलतात. जमलं तर नऊ, नाहीतर मुकाट्यानं पाच."

"बोलतात ते कुठल्या तारेवरून?"

सगळे गप्प. नाना १९६४ साली पोस्ट आणि तार खात्यात लागले, ते लाइन इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली त्या दिवशी ते जेवले नव्हते. त्यांनी हात पुढं केला. "केबल दे." ती केबल चिरंजीवांनी लोकलमध्ये पन्नास रुपयांना घेतलेली, चांगली दोन मीटर, खाटेपर्यंत पोचावी म्हणून. नानांनी ती चिमटीत धरून जानव्यासारखी टोकापासून टोकापर्यंत फिरवली आणि म्हणाले, "कापा."

ब्लेडनं कापली. आत केसासारख्या दोनच तारा निघाल्या, एक लाल, एक काळी. वीज जायला एक, यायला एक. निरोपाच्या दोन बारीक तारा असतात, त्या कारखानदारानं घातल्याच नव्हत्या! म्हणजे अकराशे रुपयांचा चार्जर रोज साडेबाराला हाका मारत होता, पलीकडून ओ येत नव्हती, आणि तो बिचारा पाच व्होल्टांवर बसून राहत होता.

"आणि जाडी बघ," नाना म्हणाले. त्यांच्या खात्यात तारेची जाडी मैलाला किती पाउंड भरते त्यावर मोजत. हल्ली गेज म्हणतात, आणि गेजचा आकडा वाढेल तशी तार बारीक. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.२१ ओहम. दोन मीटर जाऊन दोन मीटर परत, म्हणजे चार मीटर. त्यातून दोन अँपियर न्यायचे तर १.७ व्होल्ट वाटेतच संपतात. पाचातले पावणेदोन! इतकं कमिशन तर आमच्या भागातले घरांचे दलालसुद्धा घेत नाहीत. हे सगळे आकडे मी नंतर ताळा करून पाहिले. नानांनी ते चिमटीत ओळखले होते.

मग जाड, एक मीटरची, चारही तारांची केबल आणली आणि खाटच भिंतीकडे सरकवली. साडेबाराला लावलेला टॅब्लेट तीनला भरतो. त्यातही ऐंशी टक्के दीड-पावणेदोन तासांत होतात. शेवटचे वीस रेंगाळतात, कारण बॅटरी भरत आली की आतला प्रवाह मुद्दाम कमी केला जातो. कर्जवसुलीचंही असंच असतं, फक्त तिथं मुद्दाम कुणी करत नाही. या लिथियम बॅटरीसाठी २०१९ साली तिघांना नोबेल मिळालं, त्यातल्या गुडइनफसाहेबांचं वय तेव्हा ९७ होतं, हे चिरंजीवांनी वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "म्हणजे मला अजून चौदा वर्षं आहेत."

ही बातमी सोसायटीत पसरायला मात्र टॅब्लेटइतकाही वेळ लागला नाही. आता तीन वाजले की कुणी ना कुणी केबल घेऊन येतं. नाना ती चिमटीतून फिरवतात आणि निकाल देतात. "ही ठेवा." "ही मोबाइलपुरती." "ही पतंगाला लावा." विम्यातले गृहस्थ परवा तीन मीटरची सोनेरी केबल घेऊन आले. नानांनी ती फिरवायलाच बराच वेळ घेतला आणि विचारलं, "कपडे वाळत घालायला ना?"

टॅब्लेट शंभर टक्के भरून उशाशी पडलेला असतो. नानांना दुपारी वाचायला वेळच मिळत नाही.