प्लीज रिव्हर्ट... पण कुठे?

'काइंडली रिव्हर्ट.' आत्ता इनबॉक्समध्ये सर्च मारा, डझनभर मेल तरी निघतील. पैज! ऑफिसात पहिल्याच आठवड्यात आपण जी इंग्रजी क्रियापदं उचलतो, त्यात सगळ्यात रुबाबदार हेच. 'रिप्लाय' कसं शाळकरी वाटतं. 'रिव्हर्ट' म्हणजे टाय लावून आल्यासारखं.

माझे मामा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत परदेशी ऑर्डर्सचा पत्रव्यवहार बघतात. मराठी मीडियम, इंग्रजी पाचवीपासून (पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली), आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला तोंडपाठ. त्या जोरावर त्यांनी आयुष्यभर कास्टिंग्ज परदेशी पाठवली. मी फ्रीलान्सर असल्यामुळे त्यांचे अवघड मेल तपासायचं काम माझ्याकडे. मानधन म्हणून मामींचा तांबडा-पांढरा!

गेल्या वर्षी एका जर्मन कस्टमरनं एका पार्टचं सुधारित ड्रॉइंग पाठवलं. मामांनी मला न विचारताच उत्तर दिलं, 'वुई विल रिव्हर्ट ऑन द ड्रॉइंग बाय मंडे.' म्हणजे सोमवारपर्यंत कळवतो. तिकडून घाबराघुबरा फोन, 'तुम्ही जुन्या ड्रॉइंगवर परत का जाताय?' नशीब, पॅटर्न बदलायचा होता आणि साच्यात लोखंड ओतलं नव्हतं. एका फोनवर मिटलं. पण मीटिंगमध्ये पुण्याहून आलेला नवा मॅनेजर सगळ्यांसमोर हसला. 'इतकी वर्षं एक्स्पोर्ट करताय, आणि रिव्हर्ट माहीत नाही?'

त्या रात्री मामा जेवले नाहीत. हळूच मला म्हणाले, "अगं, पाठमालेत ह्यो शब्द न्हवताच. त्याच्याच मेलमधनं उचललाय न्हवं मी!"

मग आम्ही दोघं शब्दकोश घेऊन बसलो. मूळ लॅटिन, 'रे' म्हणजे मागे आणि 'व्हर्टेरे' म्हणजे वळणं. 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. सुटलेली सिगरेट पुन्हा सुरू झाली, तर माणूस जुन्या सवयीला रिव्हर्ट झाला. करार संपल्यावर जमीन मूळ मालकाकडे जाते, तेव्हा ती रिव्हर्ट होते. आयटीवाल्यांना सांगायला नको, गिटमध्ये रिव्हर्ट मारलं की आधीचा बदल रद्द. मागोमाग 'टू' येतो आणि मग जिथे परतायचं ते. त्यामुळे 'प्लीज रिव्हर्ट टू मी'चा शब्दशः अर्थ निघतो, 'कृपया पुन्हा मी व्हा'! आणि 'रिव्हर्ट बॅक' म्हणजे मागे मागे वळणं. मामा पहिल्यांदा हसले ते इथे.

पण मला हा घोळ मूर्खपणाचा वाटत नाही. आपल्या जुन्या पत्रांत शेवटी काय असायचं? 'उलट टपाली उत्तर कळवावे.' टपाल उलट फिरतं, निरोप परत येतो. ज्याच्या कानात हे बसलंय, त्याला 'रिव्हर्ट'मध्ये उत्तरच ऐकू येणार. आपल्याकडे हा अर्थ इतका रुळलाय की शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांनीही तो भारतीय वापर म्हणून नोंदवलाय. तेव्हा राजारामपुरीतून शाहूपुरीला मेल जाणार असेल तर मी 'रिव्हर्ट'ला हात लावत नाही. जर्मनीला जाणार असेल तर सरळ 'रिप्लाय'. शाळकरी तर शाळकरी, ड्रॉइंग तरी सलामत!

मामांनी वहीत पाठमालेसारखे दोन रकाने आखलेत, डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे मराठी. मागच्या महिन्यात मॅनेजरसाहेबांचा मेल आला, 'रिव्हर्ट बाय इव्हनिंग.' मामा उठले, वही काखेत मारली आणि केबिनचं दार ढकललं.

"साहेब, रिव्हर्ट करतो की. फकस्त कुठल्या ड्रॉइंगला, तेवढं सांगा."