तीर्थनहून हात हलवत

चंडीगडहून मनालीला जाणारी बहुतेक वाहनं औटच्या बोगद्यात शिरतात. तीर्थन खोऱ्यात जायचं तर बोगद्याच्या तोंडाशीच तो रस्ता सोडून लारजीकडे वळावं लागतं. इथे बियासवर 126 मेगावॉटच्या वीजप्रकल्पाचं धरण आहे. अडवलेलं पाणी हिरवट, जड, जवळजवळ निश्चल. सैंज आणि तीर्थन या दोन्ही नद्या लारजीलाच बियासला मिळतात. तिथून तीर्थनच्या काठाने बंजारकडे आणि पुढे गुशैनीकडे चढू लागलं की पाण्याचा रंग आणि आवाज दोन्ही पालटतात. दगडांवरून उसळणारं, तळाचा खडा न् खडा दाखवणारं हे पाणी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधल्या बर्फातून येतं. ट्राउट हा मासा गळाला लागावा म्हणून लांबून लोक इथे येतात, आणि त्यांतले बरेच जण माझ्यासारखेच हात हलवत परततात. या रिकाम्या हातांना फसलेली सहल म्हणायला माझी तयारी नाही. मासा मिळेल की नाही हे जिथे अगोदर सांगता येत नाही, तीच नदी अजून नदी राहिलेली असते, आणि ही अनिश्चितता पाण्याइतकीच जपायला हवी.

मासा का मिळत नाही, हे पाहिलं की माझं म्हणणं स्पष्ट होईल. ट्राउटसाठी पाण्यात टाकतात ती फ्लाय म्हणजे नखाएवढ्या गळावर दोऱ्याने बांधलेलं पिसांचं आणि केसांचं खोटं किडूक. त्याला स्वतःचं वजन जवळपास नसतं, म्हणून फेकली जाते ती जाड, वजनदार दोरी. किडूक तिच्या मागोमाग जातं. ते पाण्यावर पडल्यावर प्रवाहाच्याच वेगाने वाहिलं पाहिजे. पण काठीपासून किडकापर्यंत तीन-चार वेगवेगळ्या वेगांचे प्रवाह असतात. मधला वेगवान प्रवाह दोरीला पोट काढतो, किडूक खेचलं जातं आणि त्याच्यामागे पाण्यावर बारीकशी रेघ उमटते. खरा कीटक अशी रेघ काढत नाही. प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड उभ्या राहिलेल्या ट्राउटला तेवढं पुरतं. शिवाय पाण्याखालून त्याला वरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं. काठावर उभा माणूस तिच्या कडेला डोकावला तरी मासा खोल सरकतो.

त्यात तो बहुतेक वेळ खातो ते पृष्ठभागाखाली. तीर्थनच्या उथळ कडेचा एखादा दगड उलटून पाहावा. खालच्या ओल्या बाजूला बारीक खडे चिकटवून केलेल्या नळ्या असतात, त्यांत कॅडिसच्या अळ्या राहतात. शेजारी चपट्या अंगाची, शेपटीला केसांसारखे तंतू असलेली मेफ्लायची पिल्लं सरपटत सावलीकडे पळतात. ट्राउटचं रोजचं जेवण हे. (दगड पुन्हा होता तसा, त्याच बाजूने ठेवावा.) या कीटकांना स्वच्छ, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, गाळ बसला की त्यांतले नाजूक प्रकार आधी नाहीसे होतात. उन्हाळ्यात बर्फ वितळू लागलं की सकाळी नितळ असलेलं पाणी दुपारनंतर चढतं आणि राखाडी होतं, पावसाळ्यात तर गढूळच असतं. पाणी फार गार असेल तर मासा सुस्त, वीस अंशांच्या वर गेलं तर बेजार. एवढ्या गोष्टी एका वेळी जुळाव्या लागतात. रिकामा हात म्हणजे त्यांतली एखादी जुळली नाही, एवढंच. आणि कोणती जुळली नाही याचा शोध घेताना माणूस नदी वाचायला शिकतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कोल्ह्याला द्राक्षं आंबट. तो रास्त ठरला असता, जर मासा मिळवण्याचा सोपा मार्ग उपलब्धच नसता. पण तो आहे. कुल्लू जिल्ह्यातच पतलीकुहलला नॉर्वेच्या मदतीने ट्राउटची आधुनिक शेती उभी राहिली, आणि आज अशा हौदांतून रेनबो ट्राउट थेट ताटात येतो. ज्याला मासा खायचा आहे त्याने तो जरूर विकत घ्यावा. शेतकऱ्याचंही त्यात भलं आहे. मला चिंता आहे ती पर्यटकाला गळाला हमखास मासा लागावा म्हणून हौदात वाढवलेले मोठे मासे प्रवाहात सोडण्याच्या मागणीची. गोळीखाद्यावर पोसलेला मासा नदीत जागेसाठी आणि अन्नासाठी नदीतल्या माशांशी झगडतो, रोग आणू शकतो. हमी पुरवायला लागलं की नदीचा हौद व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ब्राऊन ट्राउट मुळात इथला नाहीच. 1900 साली तो स्कॉटलंडहून काश्मीरला पोचला आणि पुढच्या दशकात कुल्लूत आला. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि हिमालयातल्या मूळच्या स्नो ट्राउटला त्याचा जाच होतो. हे खरं आहे, आणि ट्राउटवर प्रेम करणाऱ्यांनी ते दडवू नये. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष माझ्याच बाजूचा आहे: परका मासा आणखी ओतू नका. शंभरहून अधिक वर्षं जो इथे प्रजा वाढवतो आहे, तो तेवढाच राहू द्या.

तिसरा प्रश्न दयेचा. मासा खायचा नाही तर गळ टाकायचाच कशाला? 2003 मध्ये संशोधक लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या डोक्यावर वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. त्यानंतर ‘माशाला काही कळत नाही’ हे कोणी म्हणू नये. मला याचं पूर्ण समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. बिनकाट्याचा गळ, माशाला पाण्याबाहेर न काढता सोडणं, पाणी तापलं की काठी मिटणं, यांनी त्रास कमी होतो, संपत नाही. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावं लागतं. तीर्थनवर वीजप्रकल्प होऊ नयेत म्हणून बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातले लोक लढले, आणि नदी मोकळी राहिली. ही नदी ट्राउटची आहे, तिच्यावर पर्यटनाची चूल पेटते, हा त्या लढ्यातला एक मोठा मुद्दा होता. खाली लारजीचं थांबलेलं पाणी पाहून आलेल्याला त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

गळाशिवायही नदीचा मासा राखता येतो, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. महाडजवळच्या वाळण कोंडीत आणि वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेत देवाच्या नावाने राखलेले महसीर आहेत. तिथे कोणी गळ टाकत नाही. ज्यांना गळ नकोच वाटतो त्यांनी ती वाट धरावी, मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

तीर्थनला जाणाऱ्यांना मात्र एवढी विनंती आहे. मत्स्य विभागाचा परवाना काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा अंडी घालण्याचा बंदीकाळ पाळा, आणि त्या दिवसांत उथळ खड्यांवरून चालूही नका, अंडी त्याखालीच असतात. आणि मुक्कामाच्या यजमानाला ‘मासा नक्की मिळेल ना?’ असं विचारू नका. तुम्ही हमी मागितलीत तर उद्या कोणीतरी ती पुरवायला लागेल.