गवताचा मुलूख

धुळे जिल्ह्यातील शिरपूर सोडून मुंबई-आग्रा रोडने उत्तरेस निघाले की पळासनेरपर्यंत सातपुडा हळूहळू जवळ येत जातो. आणि वैशाखात, तापीकाठच्या केळी-कपाशीचे सुस्थित जग मागे पडल्यावर, पायथ्याच्या टेकड्यांचे जे उघडे, रापलेले, मुरमाड रूप दृष्टीस पडते, ते पाहून परका माणूस ही भूमी जन्मतःच दरिद्री समजतो. सरकारी दप्तराने हा समज दृढच केला. जिच्यावर पेरा नाही आणि दाट झाडीही नाही, अशी जमीन कागदोपत्री पड वा पोटखराबा म्हणून दाखल झाली, आणि तिच्याविषयीची आस्थाही तेथेच संपली.

वस्तुतः हा गवताचा मुलूख आहे. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील तृणाच्छादनाची विभागणी मांडली, तेव्हा दख्खनचा सारा प्रदेश त्यांनी शेडा-मारवेल या गवतप्रकाराखाली घातला. त्यांच्या जोडीला पवन्या, डोंगरी, कुसळी आणि सुगंधी रोशा. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, अक्राणी, शहादे, तळोदे या भागांत रोशाचे तेल काढण्याच्या भट्ट्या लागत. ते तेल मुंबईच्या बंदरातून तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. ज्या भूमीचे गवत इतक्या दूरच्या गुलाबात मुरले, तिला नापीक म्हणवत नाही.

पण बारमाही चराईने प्रथम गोड, बहुवर्षायू गवते गेली, कारण जनावर तीच आधी वेचते. मागे कुसळी आणि तरोटा राहिले. अशा उतारावर गवत पुन्हा आणायचे, तर बियाणे त्याच डोंगराच्या राखलेल्या कोपऱ्यातून घ्यावे लागते. आल्प्सच्या उंच कुरणांतही, बर्फावरील स्कीइंगच्या खेळासाठी खरवडलेले उतार स्थानिक बियांनीच अधिक टिकाऊपणे झाकले जातात, असा अनुभव आहे. मारवेल-पवन्याचे बी लोमश आणि हलके असते; मुठीने फेकले तर वाराच घेऊन जातो. म्हणून ते माती आणि शेणात कालवून त्याच्या गोळ्या वळतात. नवे बी पुष्कळदा सुप्तावस्थेत असते. कार्तिकाच्या सुमारास जमवलेले बियाणे पुढच्या ज्येष्ठापर्यंत ठेवून, पहिल्या पावसावर, वर मातीचा जेमतेम पातळ थर येईल इतक्या बेताने पेरणे श्रेयस्कर. कुसळीला मात्र हे सोपस्कार लागत नाहीत. तिच्या बियाचे लांब कुसळ दमट हवेत पीळ सोडते, उन्हात पुन्हा वळते, आणि या आलटून-पालटून होणाऱ्या वळशांनी तीक्ष्ण टोकाचे बी आपोआप जमिनीत शिरते. मेंढीच्या लोकरीत आणि माणसाच्या धोतरातही ते याच कौशल्याने शिरते.

धुळे तालुक्यातील लामकानी येथे डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, आणि उजाड वनजमिनीवर गवत परतले. ते पाहिल्यावर या कार्यातील अर्धे बळ केवळ राखणीत आहे, हे पटते.

शिरपूर तालुका आज भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या नालाखोलीकरणाने आणि बंधाऱ्यांच्या साखळीने विख्यात आहे, आणि ती ख्याती रास्तही आहे. पण वरचा डोंगर उघडा राहिला, तर प्रत्येक मुसळधार पावसाबरोबर त्याची माती खालच्या बंधाऱ्यात येऊन बसणार. तरीही वनमहोत्सव आला की आपले हात खड्डे खणण्याकडे आणि रोपे लावण्याकडेच धावतात. मला हे अनुचित वाटते. पातळ मातीच्या माथ्यावर सावली दाटवली, तर ऊन मागणारी ही गवते खुरटतात, आणि गाय, मेंढी, माळटिटवी सारीच आपल्या हक्काच्या जागेला मुकतात.

खरी अडचण बियाण्याची नाही. पेरणीनंतरची दोन वर्षे जनावरांनी कोठे जावे, ही आहे. ठेलारी मेंढपाळ आणि पायथ्याचे भिल्ल-पावरा पशुपालक यांना नुसता मनाईहुकूम ऐकवून भागत नाही. गायरानाचा एक भाग आळीपाळीने खुला ठेवावा, राखलेल्या भागातील गवत बी झडल्यावर विळ्याने कापून नेण्याची त्यांना मुभा द्यावी, आणि हा ठराव ज्या ग्रामसभेत पावसापूर्वी व्हावयाचा, तेथे त्यांना सन्मानाने बोलवावे.