खडकावरचे सप्तर्षी आणि एका मुलीचा प्रश्न

वाचन: ईयोब १९:२३-२७, प्रेषितांची कृत्ये १७:२२-२८



ईयोबाचे सारे गेले होते. मुलेबाळे, गुरेढोरे, अंगातले बळ, मित्रांचा आधार. त्या अवस्थेत त्याला वाटले, आपले शब्द लोखंडी लेखणीने खडकात कायमचे कोरले जावेत. आणि लगेच पुढे तो आपला उद्धारक जिवंत असल्याची साक्ष देतो.

उपवासकाळातल्या एका शनिवारी हैदराबादची आम्ही काही मराठी कुटुंबे धर्मशिक्षणाच्या मुलांना घेऊन मुडुमालला गेलो, ती हेच वाचन सोबत घेऊन. महबूबनगर, मक्तल असे करत नारायणपेट जिल्ह्यात कृष्णेच्या काठी पोहोचलो. तिथे १० ते १४ फूट उंचीच्या सुमारे ८० शिळा उभ्या आहेत. माणसांनी त्या ३५०० ते ४००० वर्षांपूर्वी उभारल्या, असे अभ्यासक मानतात. मार्च २०२५ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले.

आम्हाला पाहायचा होता तो एक कोरलेला दगड. त्यावर वाटीसारखे लहान लहान खळगे आहेत आणि त्यांतल्या काहींवरून बोट फिरवत गेले की सप्तर्षी तयार होतात. वि. श्री. वाकणकरांनी १९५७ मध्ये शोधलेल्या भीमबेटकाच्या एका गुहेतही असे खळगे आहेत. आपल्या कोकणात कशेळीच्या सड्यावर तर भला मोठा हत्ती कोरलेला आहे. पण मुडुमालच्या माणसाने आकाश दगडावर उतरवले. ईयोबाच्या पुस्तकातही देवाने निर्माण केलेल्या ताऱ्यांमध्ये सप्तर्षींचे नाव येते. देवाने अब्राहामाला बाहेर आणून तारे मोजायला सांगितले, तो काळही परंपरेने साधारण याच सुमाराचा मानतात. तिकडे एक म्हातारा वर पाहत होता, इकडे कृष्णेच्या काठीही कोणीतरी वर पाहत होते.

तिथल्या एका शिळेला गावकरी यल्लम्मा मानतात. आमच्यातल्या एका आजींनी मुलांना आधीच बजावले होते, "कुठल्याही दगडावर पाय द्यायचा नाही. लोकांची श्रद्धा आहे." मुले शहाण्यासारखी वागली.

जेवणानंतर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, या लोकांना येशू माहीतच नव्हता. मग मेल्यावर ते कुठे गेले?" आम्ही काही बोलण्याआधीच ती हळूच पुढे म्हणाली, "माझी आजी पण येशूला मानत नव्हती." तिच्या आईची आई दिवाळीत वारली होती. डबे भरणारे हात थांबले. आमच्यापैकी कितीतरी घरांत असे एक माणूस आहे, ज्याच्याविषयी हा प्रश्न आपण मनातल्या मनात गिळून टाकतो.

आम्ही तिला जवळ बसवले आणि पौलाची गोष्ट सांगितली. अथेन्समध्ये तो आधी फिरला, लोकांची पूजास्थाने नीट पाहिली आणि मगच बोलला. माणसे देवाला चाचपडत शोधतात, पण तो आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही, असे त्याने सांगितले. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून मागी लोक आले, तेही ताऱ्याकडे पाहतच. आणि आपण विश्वासांगीकारात प्रभू अधोलोकात उतरला असे म्हणतो, ते उगीच नाही. पवित्र शनिवारी तो मेलेल्यांमध्ये गेला. त्याच्या आधी जगून गेलेल्यांना तो विसरला नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ मध्ये शिकवले, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते.

"म्हणजे आजी स्वर्गात आहे?" तिने विचारले. न्याय करणे आपले काम नाही, ते देवाचे आहे. पण तो देव तिच्या आजीला तिच्याहून जास्त ओळखतो आणि तिच्याहून जास्त प्रेम करतो. आजीला त्याच्या हाती सोपवायला भिण्याचे कारण नाही. एवढेच आम्ही तिला खात्रीने सांगू शकलो.

एका मुलाने लगेच खुसपट काढले, "मग आपण सुवार्ता सांगायची कशाला?" प्रश्न योग्यच होता. पौल अनोळखी देवाच्या वेदीपाशी थांबला नाही, त्याने पुनरुत्थानाची साक्ष दिली. ज्याला कोणी अंधारात चाचपडत शोधतो आहे, त्याचे नाव आपल्याला माहीत असूनही गप्प बसणे म्हणजे प्रेम नव्हे. मात्र ते नाव सांगताना समोरच्याच्या शोधाचा अपमान होता कामा नये. आजींनी मुलांना पाय जपायला सांगितले, तीही त्या साक्षीची सुरुवातच होती.

दगड कोरणाऱ्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. यशयाच्या पुस्तकात देव म्हणतो, की त्याने आपल्या लोकांना स्वतःच्या तळहातांवर कोरले आहे. ते तळहात पुढे खिळ्यांनी छेदले गेले. या उपवासकाळात आपल्या घरातल्या त्या एका माणसाचे नाव मिस्सेच्या वेळी मनात उच्चारू या. त्या मुलीने पुढच्याच रविवारी विश्वासूंच्या प्रार्थनेत आजीचे नाव मोठ्याने घेतले आणि सगळ्या मंडळीने तिला उत्तर दिले.

प्रार्थना: हे प्रभो, ताऱ्यांच्या निर्मात्या, तुझे नाव न कळताही तुला शोधणाऱ्या सर्वांना तुझ्या दयेत घे. आमच्या आप्तांना विसरू नकोस. आणि तुझे नाव सांगताना आम्हाला नम्र ठेव. आमेन.